जांभळ्या दिव्याची रेघ

लग्नाला अकरा वर्षं झाली तरी सासूबाईंशी काय बोलावं हे गिरीशला कळत नसे. फोनवर "तब्येत बरी आहे ना", "तिकडे पाऊस आहे का" एवढं झालं की तो फोन नंदिनीच्या हातात द्यायचा. लताबाईही फार बोलक्या नव्हत्या. जावयाला त्या "गिरीशराव" म्हणायच्या आणि तो खोलीत आला की काहीतरी काम आठवून आत जायच्या. दोन हजार सोळाच्या ऑक्टोबरात त्या पहिल्यांदाच सहा आठवड्यांसाठी आयर्लंडला आल्या, तेव्हा दोन माणसं एकाच घरात एकमेकांना अदबीनं टाळत वावरू लागली.

घर ॲथलोनमध्ये होतं. गिरीश तिथल्या एका वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात इंजिनिअर होता आणि नंदिनी पाऊण तासावरच्या सरकारी इस्पितळात भूलतज्ज्ञ. त्या वर्षी लक्ष्मीपूजन रविवारी आलं आणि पाडवा सोमवारी, हॅलोविनच्या सुट्टीला. दोन्ही दिवस नंदिनीची ड्यूटी लागली.

"आईला घरात कोंडून ठेवू नकोस," निघताना तिने बजावलं. "त्या फोटोंना जाशील तेव्हा तिलाही ने."

ते फोटो म्हणजे गिरीशचा तीन वर्षांचा नाद. अंधार पडला की जत्रेतला फिरता पाळणा ट्रायपॉडवरच्या कॅमेऱ्यानं टिपायचा, शटर चांगलं सहा-आठ सेकंद उघडं ठेवून. तेवढ्या वेळात पाळण्यावरचे दिवे फिरून येतात आणि फोटोत दिव्यांऐवजी त्यांनी आखलेल्या रेघा उमटतात. वर्तुळं, पाकळ्या, भोवरे. खालची माणसं चालती असतात म्हणून धुरासारखी पुसट होतात. जे जागचं हलत नाही ते मात्र लख्ख राहतं: तिकिटाची खिडकी, खांब, चिखलावर टाकलेली फळी. या नादापायी तो उन्हाळ्यात किलकेनीपर्यंत जायचा, नाताळात डून लेरीच्या समुद्रकाठी तास तास उभा राहायचा. यात त्याला एवढं काय आवडतं हे कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर तो म्हणाला असता, की डोळ्यांसमोर असूनही डोळ्यांना न दिसणारी गोष्ट कागदावर आली की त्याला अजूनही लहान मुलासारखं नवल वाटतं.

रविवारी पहाटे घड्याळं तासभर मागे गेली होती, त्यामुळे पावणेसहालाच मिट्ट अंधार झाला. गावाबाहेरच्या मैदानावर जत्रा लागली होती. नंदिनीचा लांब कोट साडीवर चढवून, कानटोपी आणि पायात बूट घालून लताबाई गिरीशच्या शेजारी उभ्या राहिल्या. त्याची नऊ वर्षांची मुलगी शर्वाणी केव्हाच रांगेत पळाली होती.

तिथला सगळ्यात मोठा पाळणा म्हणजे 'स्टार'. मधल्या बुंध्यातून बारा लोखंडी हात निघालेले आणि प्रत्येक हाताच्या टोकाला टांगलेला दोन माणसांचा पाळणा. आधी सगळं आडवं फिरायचं, मग फिरता फिरता एका बाजूनं उचललं जायचं आणि जवळजवळ उभं राहायचं. प्रत्येक पाळण्याच्या टपावर एक दिवा. दिवे पिवळे आणि लाल, पण एकच जांभळा. मूळचा गेल्यावर हाताशी आला तो लावला असावा.

गिरीशनं बटण दाबलं आणि मनात आकडे मोजू लागला.

"किती वेळ?" लताबाईंनी विचारलं.

"आठ सेकंद. तेवढ्यात पूर्ण एक फेरा होतो."

"आणि मग?"

त्यानं कॅमेऱ्याच्या पाठीवरचा फोटो दाखवला. काळ्या आकाशात सोन्याचं भलंमोठं कडं लटकत होतं. लताबाई वाकून बघत राहिल्या, नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ. मग "छान" म्हणाल्या आणि हात कोटाच्या खिशात घातले. शर्वाणी पाळण्यातून उतरून धावत आली. "आजी, इट वॉज क्लास!" ती ओरडली. आजीनं तिची टोपी कानांवर ओढली. मग लक्ष्मीपूजनाची वेळ झाली म्हणून सगळे घरी परतले.

सोमवारी दुपारी जेवणं झाल्यावर शर्वाणी शेजारच्या मुलींबरोबर चेटकिणीचा वेष करून घरोघर खाऊ मागायला गेली. गिरीश जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसला. त्याच्या कॅमेरा क्लबची स्पर्धा होती आणि फोटो त्याच रात्री पाठवायचा होता. आदल्या दिवशीच्या चौदा फोटोंमधून त्यानं एक निवडला होता. कडं सुंदरच आलं होतं. फक्त एके ठिकाणी जांभळी रेघ बाकीच्यांना सोडून भरकटली होती. शेंड्यावरून खाली वळताना ती दोन-तीनदा कापल्यासारखी थरथरली होती आणि पुन्हा जाऊन बाकीच्या रेघांना मिळाली होती. गिरीशनं फोटो मोठा केला आणि तेवढा भाग पुसायला सुरुवात केली.

"पुसू नका ते."

लताबाई चहाचे कप घेऊन मागे उभ्या होत्या. त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता.

"अहो आई, ती खराबी आहे. पाळण्यात कुणीतरी हललं असेल."

"दुसरा फोटो दाखवा."

त्यांनी कप ठेवले, चष्मा चढवला आणि खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसल्या. अकरा वर्षांत त्या पहिल्यांदाच त्याच्या शेजारी बसत होत्या. गिरीशनं दुसरा फोटो उघडला. मग तिसरा. चौदाच्या चौदा बघून झाले तशा त्या म्हणाल्या, "पाळणा उभा फिरतोय असे नऊ आहेत. नऊच्या नऊ फोटोंत जांभळी रेघ कापलीय, आणि तिथंच. आडवा फिरतोय त्या पाचांत कुठंच कापली नाही."

"ट्रायपॉडला धक्का लागला असेल."

"मग सगळ्याच रेघा हलल्या असत्या की. लाल बघा, पिवळी बघा, कशा सरळ गेल्यात."

"त्या पाळण्यात जड माणूस..."

"नऊ वेळा एकच माणूस बसला होता काय? मी तिथंच उभी होते. माणसं उतरत होती, नवी चढत होती. रेघ तीच आहे."

कारखान्यात गिरीश स्वतः दिवसभर हेच करायचा: बिघाड दिसला की एकेक कारण घेऊन खोडत जायचं. पण इतक्या झटपट, कागद-पेन्सिलीशिवाय, कुणी त्याच्यासमोर ते केलं नव्हतं.

"गिरीशराव, मी एकतीस वर्षं असल्याच रेघा बघितल्यात," लताबाई म्हणाल्या.

त्या मिरजेजवळच्या एका पंपांच्या कारखान्यात नोकरीला होत्या एवढं त्याला ठाऊक होतं. कुठल्या खात्यात, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. मनातल्या मनात त्यानं त्यांना पॅकिंगच्या टेबलाशी बसवून टाकलं होतं. आता लताबाई जेवणाच्या टेबलावर बोट टेकून सांगत होत्या.

"बॅलन्सिंगला होते मी. पंपाचा फिरणारा भाग मशिनवर चढवायचा, फिरवायचा, की कागदावर रेघ उमटायची. रेघ कापली की समजायचं, कुठंतरी दुखतंय. कुठं दुखतंय ते हुडकायचं आमचं काम. काल तुम्ही पहिला फोटो दाखवला तेव्हाच मला वाटलं, हा तर आमचा कागद आहे. पण म्हटलं तुमचा छंद, आपण कशाला बोला."

"मग इथे काय दुखतंय?"

"त्या लोखंडी हाताच्या बुडात पीन असणार. ती ढिली झालीय. हात वर जाताना एका बाजूला रेलतो, शेंडा ओलांडला की दुसऱ्या बाजूला पडतो. त्या दणक्यानं टोकाचा पाळणा झुलतो. आडवा फिरताना हात पडतच नाही, म्हणून तिथं रेघ साफ."

गिरीशला सगळं पटलं. आता हे कुणाला तरी जाऊन सांगायला हवं होतं. परक्या देशात, हातात एक फोटो घेऊन, कुणाच्या तरी पोटापाण्याच्या यंत्रावर बोट ठेवायचं. ते हसतील. किंवा चिडतील. आज जत्रेचा शेवटचा दिवस, उद्या ती उठणारच.

"आई, त्यांची तपासणी होते. सर्टिफिकेट असल्याशिवाय इथे काही फिरू देत नाहीत."

"असंल. तपासणी झाली तेव्हा पीन चांगली असंल." लताबाई उठून उभ्या राहिल्या. "काल आपली शर्वाणी बसली होती त्यात."

पाच वाजायच्या आत दोघं गाडीत होती.

मैदानावर पोचली तेव्हा दिवे लागले होते आणि हॅलोविनमुळे तुडुंब गर्दी लोटली होती. 'स्टार'पुढची रांग कुंपणाच्या बाहेर गेली होती. वर बारा पाळणे भरलेले, मुलं किंचाळत होती, आणि भोंग्यांवरचं संगीत इतकं मोठं की छातीत घुमत होतं. पाळणा चालवणारा डेक्लन म्हणून पन्नाशीचा माणूस काचेच्या खोपटात बसला होता. गिरीशनं लॅपटॉप पुढे धरून सांगायला सुरुवात केली. अर्धं त्याला ऐकूच गेलं नसावं. त्यानं खोपटावर चिकटवलेल्या कागदाकडे अंगठा केला. "वसंतात तपासलंय सगळं. यू'र ग्रँड, काही होत नाही," म्हणाला आणि पुढच्या फेरीचं बटण दाबलं.

गिरीश कानकोंडा होऊन मागे वळला. "त्यांना सांगून झालं, आई. आपण आपलं काम केलं."

"ऐकलं कुठं त्यांनी?" लताबाई म्हणाल्या आणि खोपटाच्या दाराशी, बरोब्बर डेक्लनच्या वाटेत, शांतपणे उभ्या राहिल्या. चिडून किंवा ओरडून नाही. बसची वाट बघावी तशा. डेक्लननं दोनदा हातानं बाजूला व्हा म्हणून खुणावलं. त्यांनी मान हलवून नाही म्हटलं.

काहीतरी अडलंय हे बघून तिकिटाच्या खिडकीतून एक बाई बाहेर आली. साठीच्या पुढची, बुटकी, आखूड पांढरे केस, अंगात बाह्या वर सारलेला पुरुषी स्वेटर. ही जत्रेची मालकीण, डेक्लनची मोठी बहीण नोरीन. तिनं भावाला काही विचारलं नाही. गिरीशला विचारलं, "काय झालं, सांगा मला."

गिरीशनं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. नोरीन एकेक फोटो बघत गेली. चौथ्या फोटोला तिनं विचारलं, "हा जांभळा म्हणजे आमचा सात नंबर. हे तुमच्या लक्षात आलं?"

"माझ्या नाही. यांच्या. या माझ्या सासूबाई. कारखान्यात यंत्रं तपासायच्या."

नोरीननं लताबाईंकडे पाहिलं. लताबाईंनी कोटाची बाही मागे सारली. मनगटात दोन सोन्याच्या पाटल्या आणि पुढे एक सैल बांगडी होती. त्यांनी कोपरातून हात उभा धरला आणि हळूहळू डावीकडून उजवीकडे कलता केला. हात मधोमध आला आणि पलीकडे झुकला, तशी सैल बांगडी घसरून दुसऱ्या बाजूला टेकली. पुन्हा उलट. पुन्हा बांगडी पडली. मग त्यांनी त्याच हातानं वर फिरणाऱ्या पाळण्याकडे दाखवलं आणि तोंडानं आवाज केला, "खट्."

भाषांतराची गरज पडली नाही. नोरीन खोपटात शिरली आणि तिनं संगीत बंद केलं.

एकदम पडलेल्या त्या शांततेत लोकांनी माना वळवल्या. यंत्राची घरघर तेवढी राहिली. जांभळा दिवा वर चढत गेला, शेंड्यावर पोचला, पलीकडे वळला.

खट्.

बारीक आवाज. गल्लीत कुणी कडी लावावी एवढाच. पाळणा पुन्हा फिरून आला आणि तो पुन्हा ऐकू आला, त्याच जागी. डेक्लनचा चेहरा उतरला. दिवसभर भोंग्याशेजारी बसून त्याला तो कधी ऐकूच आला नव्हता.

"हळू कर आणि आडवा आण," नोरीन म्हणाली. "घाई नको. एकेकाला उतरव."

सगळे उतरेपर्यंत ती सात नंबरच्या खाली उभी होती. मग रांगेसमोर एक खोकं ओढून त्यावर चढली. गिरीशला वाटलं होतं की ती काहीतरी सांगून वेळ मारून नेईल, वीज गेली म्हणेल, वारा आहे म्हणेल. ती म्हणाली, "एका हाताची पीन मला बरोबर वाटत नाही. माझ्या घरच्या पोरांना मी आता यात बसवणार नाही, म्हणून तुमच्याही नाही. हा पाळणा आज पुन्हा फिरणार नाही. तिकीट घेतलं असेल त्यानं दुसऱ्या कशातही बसावं." रांगेतून नाराजीचा सूर उठला. एक बाप तावातावानं बोलू लागला. नोरीननं त्याचं पूर्ण ऐकून घेतलं, मान डोलावली आणि खोक्यावरून उतरली.

वर्षातली सगळ्यात मोठी संध्याकाळ होती ती. एका परक्या बाईच्या बांगडीवर विश्वास ठेवून तिनं आपला सगळ्यात मोठा पाळणा बंद केला होता. आपण तिच्या जागी असतो तर, असा विचार गिरीशच्या मनात आला आणि त्यानं तो पुढे नेला नाही.

नोरीननं स्वतःच पाना हातात घेतला. वडिलांच्या हाताखाली ती हे काम शिकली होती आणि डेक्लनपेक्षा तिचा हात सराईत होता. सात नंबरच्या लोखंडी हाताखाली लाकडी ठोकळे लावून भार काढला, चाप सोडवला, आणि डेक्लननं धरलेल्या बॅटरीच्या उजेडात तिनं हातोडीनं पीन ठोकून बाहेर काढली. मनगटाएवढी जाड पीन. नोरीननं ती फडक्यानं पुसली. एका बाजूनं झिजून चपटी झालेली स्पष्ट दिसत होती.

"बदलायला हवी," ती म्हणाली. "पण तुटली नसती."

लताबाईंनी हात पुढे केला. पीन घेऊन त्यांनी नखाचं टोक तिच्यावरून हळूहळू फिरवलं, झिजलेल्या भागापासून थोडं पुढे जाऊन थांबल्या, परत मागे आल्या.

"गिरीशराव, हिला विचारा, रॉकेल आहे का? नाहीतर डिझेल चालंल. आणि खडू."

डिझेल जनरेटरपाशी होतं. खडू तिकिटाच्या खिडकीतल्या फळ्याचा मिळाला. लताबाईंनी पीन एका पत्र्याच्या डब्यात डिझेलमध्ये बुडवून ठेवली आणि उकिडव्या बसल्या. नोरीनही त्यांच्यासमोर तशीच बसली. पाचेक मिनिटं दोघी डब्याकडे बघत होत्या. आजूबाजूला बाकीची जत्रा आपल्या गतीनं चालू होती, राक्षसांचे नि सांगाड्यांचे कपडे घातलेली मुलं इकडून तिकडे पळत होती. मग लताबाईंनी पीन बाहेर काढली, फडक्यानं अगदी कोरडी पुसली, खडू दगडावर घासून त्याची पूड केली आणि बोटांच्या चिमटीनं पिनेवर सगळीकडे लावली. पीन पांढरीशुभ्र झाली.

"आता बघा."

त्या पांढऱ्यात एक काळसर रेघ उगवत होती. आधी केसाएवढी, मग दोऱ्याएवढी. फटीत शिरलेलं डिझेल खडू शोषून घेत होता. रेघ पिनेच्या निम्म्याहून जास्त घेराला वळसा घालून गेली आणि थांबली.

डेक्लननं छातीवर क्रुसाची खूण केली. नोरीननं पीन हातात घेतली, दिव्याखाली धरून फिरवली, आणि मग आपला ग्रीसनं भरलेला हात लताबाईंच्या हातावर ठेवला. बराच वेळ तो तसाच होता.

"फेअर प्ले टु यू, मिसेस," ती शेवटी म्हणाली.

"काय म्हणते?" लताबाईंनी विचारलं.

गिरीशला नेमका शब्द सुचेना. "म्हणते, मानलं तुम्हाला."

"तिला सांगा, मी पण तिला मानलं. आमच्याकडं फोरमनला सांगितलं तर तो पाळी संपेपर्यंत मशीन चालू ठेवायचा. हिनं लगेच बंद केलं."

गिरीशनं सांगितलं. नोरीन लाजल्यासारखी हसली. मग म्हणाली, "यांना विचारा, दमल्या नसतील तर बाकीचे पण बघतील का? जाण्याआधी?"

पुढचा तासभर जे झालं ते गिरीश नंतर कितीतरी जणांना सांगत असे. नोरीन पुढे, लताबाई मागे, आणि त्यांची पर्स नि छत्री सांभाळत गिरीश त्यांच्याही मागे. एकेका पाळण्यापाशी नोरीन हात वर करायची, फेरी संपली की संगीत बंद व्हायचं, आणि माणसं न बसवता एक फेरा मारला जायचा. लताबाई मोटारीच्या अंगावर तळवा ठेवायच्या, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा, आणि डोळे मिटायच्या. रांगेतली माणसं कुरकुरत नव्हती. काय चाललंय ते एव्हाना तोंडोतोंडी पसरलं होतं. बंपर कारला त्यांनी मान डोलावली. लहान मुलांच्या घोड्यांपाशी त्या जरा जास्त थांबल्या आणि म्हणाल्या, "ग्रीस घाला म्हणावं, बाकी काही नाही." कपबशांच्या पाळण्याला त्या हसल्या. "ही मोटार नवी आहे. हिला अजून तीस वर्षं काही होत नाही."

शेवटी नोरीननं कागदाच्या कपांतून चहा आणला. लताबाईंना तो आवडला नाही, पण त्यांनी सगळा प्यायला.

गिरीशच्या खिशात फोन तिसऱ्यांदा थरथरला. नंदिनी घरी पोचली होती.

"अरे कुठे आहात? पाडवा आहे आज! मी ताट करून बसलेय ओवाळायला. आणि आई कुठाय?"

"आई कामावर आहे," गिरीश म्हणाला. "येतो आम्ही. सगळं सांगतो."

क्लबला फोटो पाठवायची वेळ त्या गडबडीत निघून गेली आणि हे त्याच्या लक्षात दुसऱ्या दिवशी दुपारी आलं. त्याला वाईट वाटलं नाही. मार्चमध्ये नोरीनचा फोन आला. तिनं ती पीन प्रयोगशाळेत पाठवली होती. भेग आतपर्यंत गेली होती, आणखी काही दिवसच निघाले असते, असं त्यांचं म्हणणं पडलं. बाराही हातांच्या पिना बदलून झाल्या होत्या, आणि दर आठवड्याला एक फेरा संगीत बंद ठेवून मारायचा असा नियम तिनं घालून घेतला होता. हे गिरीशनं मिरजेला कळवलं, तेव्हा लताबाई म्हणाल्या, "दर आठवड्याला? हुशार आहे बाई." आणि मग जावई-सासू पस्तीस मिनिटं बोलत होते. नंदिनी शेजारी बसून फोन आपल्याकडे यायची वाट बघत होती.

पण हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी दोघं जत्रेतून गाडीनं परतत होती. नदीवरचा पूल ओलांडल्यावर गिरीशनं विचारलं, "आई, तुम्ही बॅलन्सिंगला कशा गेलात? तेव्हा बायका असायच्या त्या खात्यात?"

"कुठल्या? मी एकटी. मला घेतलं होतं तारा गुंडाळायला. बायकांची बोटं बारीक, म्हणून आम्हाला सगळ्यांना तिथंच बसवायचे." त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "आमच्या मागच्या भिंतीपलीकडं बॅलन्सिंगचं खातं. दिवसभर तिकडचे आवाज यायचे. दोन वर्षं ऐकून ऐकून मला कळायला लागलं, कुठला पंप पास होणार आणि कुठला माघारी येणार. मी मैत्रिणींना आधीच सांगायची. त्या हसायच्या. एक दिवस ते तिकडच्या साहेबाच्या कानावर गेलं."

"मग?"

"मग त्यांनी मला बोलावलं. सात पंप ओळीनं मांडले, माझे डोळे फडक्यानं बांधले आणि म्हणाले, सांग."

गिरीशनं गाडी घरासमोर लावली. दिवाणखान्यात दिवा होता, पडद्याआडून नंदिनीची सावली फिरताना दिसत होती. त्यानं इंजिन बंद केलं नाही, हीटर चालू राहावा म्हणून.

"किती बरोबर आले?"

"सहा," लताबाई म्हणाल्या. "सातव्याला मी म्हटलं, हा चांगला आहे, तुमचं मशीन बिघडलंय. त्यावरून तिथं जे काय रणकंदन झालं, विचारू नका."

"विचारतो ना," गिरीश म्हणाला आणि त्यांच्याकडे तोंड करून नीट बसला. "सांगा."